गेरूचा ठिपका आणि भादवी पोळा

चाकणच्या गुरांच्या दवाखान्यात मी रुजू झालो तो डोक्यात हवा भरूनच. मी वऱ्हाडातला, नुकताच डॉक्टर झालेला, आणि जगातल्या सगळ्या बैलांचा वकील मीच. लस टोचलेलं जनावर ओळखू यावं म्हणून तापल्या लोखंडाने डाग द्यायचा, असं वरिष्ठ म्हणाले. मी साफ नकार दिला. मुक्या जिवाला भाजायचं कशाला? मी गेरूचा ठिपका लावीन! वरिष्ठ नुसते हसले. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

नदीपलीकडे बुळकांडी, गुरांची ती जीवघेणी साथ, आली होती. अलीकडच्या गावात मी दिवसभर बैल टोचले, प्रत्येकाच्या पुठ्ठ्यावर गेरू लावला. अंधार पडला म्हणून बारा बैल राहिले. त्यांची लस थर्मासात बर्फावर होती, दुसऱ्या दुपारपर्यंत टोचली नाही तर फुकट जाणार होती.

सकाळी गावात शिरलो आणि हबकलोच. सगळे बैल नदीवर धुऊन आणलेले, शिंगं रंगवलेली, आणि अंगभर गेरूचे ठिपके! आमच्याकडे पोळा श्रावणातच होऊन गेला होता. इकडे तो भादव्यात असतो हे मला ठाऊक नव्हतं, आणि कुणाला विचारावं असंही वाटलं नव्हतं.

"कुणाचे राहिलेत?" मी ओरडलो.

"कालच झालंय की, डागदर!" सगळे एका सुरात. पोळ्याला बैलावर चाबूकही उगारत नाहीत, तिथे सुई कोण लावू देणार? सगळ्यात मोठा आवाज एका म्हाताऱ्याचा. त्याला मूलबाळ नव्हतं, होती ती एक बैलजोडी.

मी पिशवी काखेत मारून बैलांच्या रांगेतून निघालो. पहिला मला पाहताच मागे सरला. दुसऱ्याने लाथ झाडली. तिसऱ्याने फुंकारत मला थेट शेणात बसवलं, आणि शेणात बसल्या बसल्या मला हसूच आवरेना. ठिपका गेला, पण सुईवाला कुणी विसरलं नव्हतं! मग मी वेड्यासारखा प्रत्येक बैलापुढे जाऊन उभा राहू लागलो. बिथरला तो टोचलेला, शांत राहिला तो राहिलेला. दहा सापडले, त्यांचे मालक ओशाळून हसत सुईला कबूल झाले. शेवटी म्हाताऱ्याची जोडी माझी बाही चाटू लागली आणि गाव खो खो हसलं.

म्हातारा हसला नाही. "आज न्हाई, डागदर. आज त्यो देव हाय."

मी टोपी काढून दोन्ही बैलांच्या पायांवर डोकं ठेवलं. "देवाची माफी मागतो, बाबा. पण सुई आजच."

त्याने बैलाचं तोंड छातीशी धरलं. "टोच. पर हळू."

पंधरवड्यात बुळकांडीने नदी ओलांडली. एका दुपारी म्हातारा दवाखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. विचारायची माझी छाती होईना.

"दोगं बी उभं हायेत," तो म्हणाला. "चारा खात्यात."

मी त्याला उचललं आणि गरगर फिरवलं. "आरं सोड, सोड," म्हणत तो माझ्या गळ्याला घट्ट धरून रडत होता.