मन्सूरचाचांचा तळहात

मारेगावच्या पुढे आमची गिट्टीखदान आहे. तिथे मी सुपरवायझर आहे. नाव संघदीप, आणि तोंडाचा फटकळ. या उन्हाळ्यात त्या तोंडाची मला लाज वाटली, म्हणून हे लिहितो आहे.

खदानीत पाच डंपर. खालच्या खड्ड्यातून दगड भरायचा आणि क्रशरपर्यंत चढायचं, दिवसभर तेच. सगळा ताण ट्रान्समिशनवर येतो. त्यातलं तेल फार तापलं की आतल्या प्लेटा करपतात आणि गाडी महिनाभर जागची हलत नाही. तेल तापू न देणं हे मन्सूरचाचांचं काम. तीस वर्षं, कधी धरणावर, कधी रस्त्याच्या कामावर, त्यांनी दुसरं काही केलं नाही.

त्यांचे नियम आम्हाला पाठ होते. चढावर छोटा गियर. गाडी तापली म्हणून इंजिन बंद करायचं नाही, न्यूट्रलमध्ये चालू ठेवायचं, म्हणजे तेल फिरत राहतं. शेजारच्या कापसाच्या जिनिंगमधली रुई उडत येऊन तेल थंड करणाऱ्या जाळीत बसते, ती रोज सकाळी हवा मारून काढायची; तीही आतून बाहेर, नाहीतर कचरा उलट आतच दबतो. यात कुणी चुकला की चाचा दिवसभर त्याच्याशी बोलत नसत.

डॅशबोर्डवर तेलाच्या तापमानाचा काटा असतो. एकदा एका गाडीचा काटा उगाच लाल दाखवत राहिला आणि अर्धा दिवस फुकट गेला. चाचांनी रागारागात पाचही गाड्यांच्या काट्यांच्या वायरी काढून टाकल्या. त्या दिवसापासून आमचा काटा म्हणजे चाचांचा उजवा तळहात. गाडी वर आली की ते वाकून, जाळीतून थंड होऊन तेल परत येतं त्या लोखंडी नळीवर तळहात टेकवत आणि मोजत. तीनपर्यंत हात टिकला तर गाडी ठीक. एकालाच सुटला तर उभी करायची. लेकराच्या कपाळाला हात लावल्यासारखं ते म्हणत, "ताप नाही. जाऊ दे."

मार्चमध्ये अमरसिंगनं गाडी मध्येच उभी केली. अमरसिंग नेरकडचा, गप्प स्वभावाचा ड्रायव्हर. चाचा नळीकडे हात नेत होते, तेवढ्यात तो म्हणाला, "थांबा चाचा, गरम हाय."

चाचांनी हात टेकवला आणि सावकाश सहापर्यंत मोजलं. "ताप नाही बे. जा."

दोन खेपांनंतर त्याच गाडीचं ट्रान्समिशन जळलं. मी सगळ्यांसमोर अमरसिंगला झापलं, "मोठ्या गियरात चढवली असंन तू. अन् वरून चाचाले शिकवतं?" मालकानं त्याला त्याच दिवशी काढलं. जाताना तो एवढंच म्हणाला, "मी छोट्याच गियरात होतो, भाऊ." मी हसलो.

मे महिन्यात दुसरा ड्रायव्हर शंकरसिंग, त्याची गाडी वर आली. करपट वास येतोय म्हणून त्यानं आम्हाला बोलावलं. चाचा वाकले, हात टेकवला, मोजू लागले. तीन झाले, चार झाले. सातला त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, चेहऱ्यावर समाधान. "पाह्य, एकदम थंडी हाय."

मला वेगळाच वास आला. तेलाचा नव्हता. मी त्यांचं मनगट धरून ओढलं, तेव्हा तळहाताची कातडी नळीलाच चिकटून राहिली.

शंकरसिंग तोंडावर हात ठेवून मागे सरकला. चाचा मात्र आपल्या लाल हाताकडे दुसऱ्याच्या हाताकडे पाहावं तसे पाहत होते. "काहून ओढलं बे?" त्यांनी मला विचारलं. त्यांना काहीच दुखत नव्हतं.

यवतमाळच्या डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि चाचांना डोळे मिटायला सांगून डाव्या हाताच्या बोटांना सुई टोचली. "टोचलं?"

"टोचा ना," चाचा म्हणाले. तोवर पाच वेळा टोचून झालं होतं.

साखर वाढलेली होती, कित्येक वर्षांपासून. हातापायांची जाण हळूहळू गेली होती आणि कुणाला कळलं नव्हतं. त्यांची बायको फरहानाचाची भिंतीला टेकून उभी होती. "मले वाटे, यायचे हात पोलादाचे हायेत," ती म्हणाली. "तवा बिनफडक्याचा उतरवत. मी शेजारणींले कौतुकानं सांगत होती."

चाचा माझ्याकडे वळून म्हणाले, "संघदीप, अमरसिंग खरं बोलत होता."

ते सहा आकडे मीही ऐकले होते. भरून वर आलेल्या गाडीच्या नळीवर तीनच्या पुढे हात टिकतो कसा, हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी चाचांनी समोर उभं राहून शंकरसिंगकडून सगळ्या काट्यांच्या वायरी जोडून घेतल्या. मालकाला मी खरं काय ते सांगितलं. त्यानं अमरसिंगला परत बोलवायला सांगितलं. मग आम्ही नेरला गेलो.

अमरसिंग घरीच होता. चाचा बसलेही नाहीत. पट्टीचा हात पुढे करून म्हणाले, "तू बरोबर होता. माहा हात खोटा निघाला. तुही रोजी गेली याच्यापायी." मीही माफी मागितली, आणि मालकाचा निरोप सांगितला.

अमरसिंग पट्टीकडे पाहत राहिला. येतो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. आत जाऊन त्यानं चहा आणला, स्टीलच्या पेल्यांत, काठोकाठ वाफाळता. चाचांनी डावा हात पुढे केला.

अमरसिंगनं पेला मागे घेतला आणि खाली ठेवला.

"थांबा चाचा," तो म्हणाला, "गरम हाय."

चाचा थांबले.