सुट्टीची घंटा

शर्यतीच्या दिवशी माझ्या धंद्याची पार वाट लागते. एरवी रविवारी सकाळी माझ्या सलूनच्या बाकावर टेकायला जागा नसते. पण वर्षातून एकदा आमच्या वस्तीभोवतीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी दोऱ्या बांधतात आणि अख्खं गाव त्यावरून पळत सुटतं. वस्तीला चार फेऱ्या. आतला माणूस आत, बाहेरचा बाहेर. गिऱ्हाईक काय उडत येणार? मी आपला खुर्चीत बसून आरशात स्वतःचं तोंड बघतो आणि पळणाऱ्यांना मनातल्या मनात शिव्या घालतो. पोट कमी करायचंय तर दोन घास कमी खा, रस्ता कशाला अडवता?

त्या दिवशी मला सोबत एकाच माणसाची, वहिनींची. चेन बदलणं, पँट आत घेणं, बाही कमी करणं, असली कामं त्या माझ्या शेजारच्या गाळ्यात करतात. मशीन भिंतीला लागून, त्यामुळे दिवसभर त्यांची पाठ रस्त्याकडे. कुणी आलं की मान वळवायची, तोंडातल्या टाचण्या काढायच्या आणि "उद्या या" म्हणायचं. उद्या म्हणजे उद्याच देतात, हे वर. शिवणाऱ्या माणसांत असा प्रकार मी दुसरा पाहिला नाही.

वहिनींच्या घरात वहिनी सोडून सगळे पळतात. नवरा विजेचे मीटर बघत गावभर हिंडतो, ते कमी पडतं म्हणून पळतो. मुलगी कॉलेजात आहे, ती बापाला हरवायला पळते. सासरे पळत नाहीत, चालतात. म्हाताऱ्यांना दोनच फेऱ्या असतात, त्या ते मिरवणुकीत निघाल्यासारखे पुऱ्या करतात. सासरे शाळेत शिपाई होते. उभं आयुष्य त्यांनी घंटा वाजवली. निवृत्तीच्या वेळी शाळेनं त्यांना तीच मुठीची पितळी घंटा देऊन टाकली, आणि त्यांनी ती वहिनींच्या हातात दिली.

या घराची एक अजब रीत आहे. घड्याळ कुणी घालायचं नाही. "घंटा असताना घड्याळ कशाला?" असं सासऱ्यांचं म्हणणं. वहिनींनी माझ्या दुकानासमोरच्या वळणावर उभं राहायचं आणि आपलं माणूस येताना दिसलं की वाजवायची. एक ठोका म्हणजे ठीक चाललंय. दोन म्हणजे मागचा जवळ आलाय, पाय उचल. आणि शेवटच्या फेरीला लांबलचक, न थांबता, शाळा सुटताना वाजते तशी सुट्टीची घंटा. ती ऐकली की जीव खाऊन पळायचं. वळणावर गटाराचं लोखंडी झाकण आहे, हमखास पाय घसरतो. त्यामुळे तिथं ज्याची त्याची नजर पायाशी असते. वर कुणी बघत नाही, सगळी भिस्त कानावर.

शिवाय सामान वहिनींकडे. तिघांची जाकिटं खांद्यावर, पिशवीत तिघांचे फोन, चष्मे, किल्ल्या, सासऱ्यांची कवळीसुद्धा. माझ्या दुकानात टॉवेल टांगायला खुंटी आहे, पण तिच्यावर मी इतकं ओझं टाकत नाही. मी एकदा म्हणालोही, "वहिनी, तुम्ही कधी पळणार?" त्या म्हणाल्या, "मी पळाले तर हे कुणाकडे देऊ?" आम्ही दोघंही हसलो होतो.

गेल्या वर्षी मात्र त्या सकाळपासूनच बावरलेल्या होत्या. त्यांची थोरली बहीण कायमची परदेशी चालली होती, मुलाकडे. आईमागे वहिनींना तिनंच वाढवलेलं. तिचे गुडघे गेलेले, परत येण्याचं काही खरं नव्हतं. विमानतळाची गाडी अकराला आमच्या स्टँडवरून सुटणार होती आणि त्याआधी तासभर बहीण तिथं बसून असणार होती. स्टँड दोरीच्या पलीकडे, चालत पाच मिनिटांवर. वहिनींनी घरी आठवडाभर आधी सांगितलं होतं. नवरा म्हणाला होता, "शर्यत दहाला संपते. सगळेच जाऊ ना, ताईंना बरं वाटेल."

शर्यत दहाला संपली असती, जर वेळेवर सुरू झाली असती. पण उद्घाटनाचे पाहुणे उशिरा आले. मग त्यांनी धावण्याचे फायदे सांगितले. ते स्वतः व्यासपीठाच्या पायऱ्या चढून धापा टाकत होते.

साडेदहाला दुसरी फेरी चालू होती. वहिनी एक ठोका द्यायच्या, माझ्या भिंतीवरचं घड्याळ बघायच्या, परत रस्ता बघायच्या. पिशवीतला त्यांचा फोन वाजला. उचलला तर पलीकडून बहीण विचारत होती, "निघालीस का गं?" वहिनी म्हणाल्या, "आलेच ताई." आणि जागच्या हलल्या नाहीत.

मला राहवेना. "अहो, जा की!"

"कशी जाऊ? आता तिसरी फेरी येईल. घंटा नाही ऐकली तर गडबडतील. सासऱ्यांना वाटेल मला काहीतरी झालं."

"द्या ती इकडे. कात्री चालवणारा हात आहे, घंटा काय जमणार नाही?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांचं दागिन्यांचं कपाट उघडायला मागतोय. मग घंटा दिली. जाकिटं माझ्या खुर्चीवर टाकली, पिशवी आरशाखाली ठेवली, स्वतःचा फोन तेवढा हातात घेतला. "मुलीला दोन ठोके लवकर द्या, तिला वळण घ्यायला वेळ लागतो," असं जाता जाता म्हणाल्या, आणि खरंच धावत सुटल्या. साडी एका हातात धरून. त्यांना पळताना मी तेव्हाच पहिल्यांदा बघितलं.

पुढचं त्यांनी मला नंतर सांगितलं. दोरीपाशी शिट्टी गळ्यात अडकवलेला एक स्वयंसेवक उभा होता. तो म्हणाला, "ताई, मोकळी जागा मिळाली की सोडतो." पण मोकळी जागा मिळणार कुठून? तिसऱ्या फेरीत पुढचे मागच्यांना येऊन मिळाले होते, पळणाऱ्यांची माळ काही तुटेना. स्टँड समोर दिसत होता. गाडीचं इंजिन चालू होतं, दार उघडं होतं. खिडकीशी बहीण बसलेली आहे, असं त्यांना वाटलं, की ती दुसरीच कुणी बाई होती, कुणास ठाऊक.

तेवढ्यात नवरा आला. दोरीला चिकटून, हातभर अंतरावरून. वहिनींनी हाक मारली, "अहो! अहो, जरा थांबवा ना यांना, मला पलीकडे जायचंय!" त्यानं रस्त्यावरची नजर न काढता हात वर केला. टाळ्या वाजवणाऱ्या लोकांना करतात ना, तसा. आणि पुढे गेला. त्याचे कान वळणाकडे लागले होते. वळणावर मी होतो, आणि त्याला मी दोन ठोके दिले. वहिनींना ते दोरीपाशी ऐकू आले.

गाडीचं दार लागलं. माळ तुटली तेव्हा स्वयंसेवकानं आदबीनं दोरी उचलली आणि म्हणाला, "जा आता, बिनधास्त." वहिनी पलीकडे गेल्या. रिकाम्या फलाटावर उभ्या राहिल्या. बहिणीचा फोन लागेना, म्हणून पुन्हा दोरीपाशी आल्या आणि आत यायला थांबल्या.

इकडे मला, खरं सांगतो, मजा येत होती. सासऱ्यांच्या शेवटच्या फेरीला मी अशी सुट्टीची घंटा दिली की समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. मग मुलीला, मग बापाला. हात भरून आला तरी थांबलो नाही. वहिनी परत आल्या तेव्हा मी घामाघूम झालो होतो. त्यांचा चेहरा बघितला आणि माझी मजा तिथंच विरली. त्यांनी घंटा घेतली, जाकिटं खांद्यावर टाकली, पिशवी उचलली.

तिघंही लाल तोंडांनी, हसत आले. मुलीनं बापाला हरवलं होतं. सासऱ्यांनी कवळी बसवली आणि पहिली गोष्ट बोलले ती ही: "सूनबाई, आज तुझा हात बसला! इतकी वर्षं मी काही बोललो नाही, पण तू घंटा भीत भीत वाजवायचीस. आज कशी, मोकळी! अशी वाजव दरवर्षी."

"खरंच आई," मुलगी म्हणाली, "मला तर वाटलं शाळा सुटली."

माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. वहिनींनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मी तोंड मिटलं. नवऱ्याला मग आठवलं. "अरे, ताई! किती वाजले?" वहिनी म्हणाल्या, "गेली गाडी." तो हळहळला. खरोखर हळहळला, माणूस वाईट नाही. म्हणाला, "आधी आठवण करायची नाही का?"

नंतर एकदा चेन बसवायला गेलो तेव्हा मी चिडून म्हणालो, "सांगून टाका ना घरी! तुम्ही तिथं नव्हताच." त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "काय सांगू? मी नव्हते, आणि कुणाचं काही अडलं नाही, हे?" आणि परत भिंतीकडे वळल्या.

आता पुन्हा शर्यत आलीये. दोऱ्यांचे खांब परवाच रस्त्याकडेला आणून टाकलेत. काल दुपारी दुकानात कुणी नव्हतं, तेव्हा वहिनी आल्या. पिशवीतून घंटा काढली आणि आवाज होऊ नये म्हणून आतला लोळा बोटांनी धरून ठेवला.

"तुम्ही मागच्या वेळी कशी वाजवली होतीत, जरा दाखवता?"

"का हो?"

"सासरे रोज म्हणतात, मागच्या वर्षीसारखी वाजव. माझ्या हातून तशी येत नाहीये. त्यांच्या लक्षात येईल."

मी शटर अर्धं ओढलं आणि दाखवलं. खांद्यातून हात सोडायचा, मनगट सैल, मधे थांबायचं नाही. त्यांनी घंटा घेतली, डोळे मिटले आणि वाजवली. देवाशपथ सांगतो, हात चुकावा असं मला वाटत होतं. पण पहिल्याच खेपेला बरोबर माझ्यासारखी वाजली.