मिरचीच्या ढिगाशी भरलेली सभा

शाळांच्या कारभारावर एक मासिक निघतं, मुख्याध्यापक आणि शाळा समित्यांसाठी. वाचणारे मोजकेच, पण मी त्यात लिहिते. 'एखादी समितीची सभा प्रत्यक्ष बघून ये,' असं संपादक म्हणाले आणि मी पुण्याहून नांदेडची गाडी पकडली. फिरायचं निमित्त मी सोडते थोडीच!

सकाळी पूर्णेला उतरले. स्टेशनबाहेर गरम पोहे आणि भयंकर गोड चहा. ताडकळसकडे एसटी आहे, शेअर रिक्षाही. रिक्षा पटकन मिळते, पण पुरती भरल्याशिवाय हलत नाही. कुणाची तरी पिशवी माझ्या मांडीवर आली, ती उतरेपर्यंत माझीच. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. जायचं तर थंडीत जा.

शाळा ताडकळसच्या अलीकडच्या खेड्यात, सातवीपर्यंतच. मुख्याध्यापिका शिंदेबाईंना आठवीचा वर्ग मागायचा ठराव करायचा होता. तो आज झाला नाही, तर प्रस्ताव वर्षभर लांबणार आणि सातवीतल्या मुली घरी बसणार. समितीच्या अध्यक्ष चंद्रकलाताई, त्यांची लेकही सातवीत. त्यांच्या खुर्चीत मात्र त्यांचे यजमान मारोतराव बसलेले.

"अध्यक्ष कुठायत?" बाईंनी विचारलं.

"बाजारात मिरच्या इकायलीय. मी आलोय की. आमी काय येगळे हाव का?"

"आणि ठरावाचं?"

"न्हाई पायजे आठवी. पोरगी शाळंत गेल्यावर कापूस कोण येचंल?"

बाकीचे सदस्य आलेले होते, पण अध्यक्षांशिवाय सभेला लागणारी सदस्यसंख्या भरत नव्हती. बाईंनी पर्स उचलली. "चला, सभा बाजारात घेऊ."

निघालो सगळे, मोटारसायकलींवर आणि एका रिक्षात कोंबून. मारोतरावही आले.

ताडकळसचा आठवडी बाजार ऐन भरात होता. लाल मिरचीच्या ढिगाभोवती समिती शिंकत उभी राहिली. बाईंनी ठराव वाचला आणि मंजूर असणाऱ्यांना हात वर करायला सांगितलं. सदस्यांचे हात वर गेले, तसा एका गिऱ्हाइकानं लिलाव समजून आपलाही हात वर केला. लय हसले सगळे.

"अध्यक्षांचा इरोध हाय," मारोतराव मोठ्यानं म्हणाले.

चंद्रकलाताईंनी तराजू खाली ठेवला. "अध्यक्ष मी हाय. तुमी जरा गिऱ्हाईक बघा."

आणि त्यांनी हात वर केला. बोटं मिरचीनं लाल झालेली. ठराव झाला! मारोतरावांना कुणीतरी मिरचीचा भाव विचारला, तो त्यांना ठाऊकच नव्हता. बायकोला विचारावा लागला. माझे डोळे भरून आले. मिरचीवर ढकलता आलं असतं, पण आनंदच झाला होता.

वर्गाची मंजुरी अजून वरून यायची आहे. मी पुण्यात परतले, लेख दिला. रविवारी आमच्या सोसायटीची सभा होती. फ्लॅट माझ्या नावावर, पण सभेला नेहमी नवराच जातो. तो सवयीनं चपला घालत होता.

म्हटलं, "तू कुकर लाव. मी जाते."