वाऱ्याचा डोळा आणि कावळा

आता काय सांगू तुम्हाला, दहाव्याला माणसं रडतात. मी व्याख्यान दिलं. तेही कावळ्याला!

माझे काका उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये, ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवायचे. मी इंग्रजी घेऊन बीए झाले तेव्हापासून त्यांचा एकच प्रश्न. "चिमणे, 'विंडो'मधलं 'विंड' म्हणजे वारा, कळलं. पण पुढचं ते 'ओ' कोणाला हाक मारतंय?"

शोधते म्हणाले. शोधलंही! पण उत्तर घेऊन हॉस्पिटलात पोचले, तर काकांना शुद्ध नव्हती. मग ते गेलेच.

दहाव्याला बदलापूरच्या नदीवर पिंड ठेवले. एक कावळा टुणटुण उड्या मारत अगदी जवळ आला. सगळे श्वास रोखून उभे. तेवढ्यात दुसऱ्याने माझ्या कानामागे पंख फडफडवले आणि मी किंचाळले! पहिला थेट झाडावर.

"अगं बये!" आत्या कळवळली. "दादाच आला होता ना!"

मग विनवण्या. "दादा, वहिनीला अंतर देणार नाही." कावळा ढिम्म. "दुकान चालू ठेवू." ढिम्म. ऊन चढलं. काकू हुंदके द्यायला लागली, "काय राहिलं हो तुमचं?"

काय राहिलं ते मलाच तर ठाऊक होतं!

पुढे झाले, हात जोडले. "काका, 'ओ' म्हणजे डोळा! विंडो म्हणजे वाऱ्याचा डोळा!"

कावळ्याने मान तिरकी केली. अगदी काकांसारखी! आणि घाबरले की मी बोलतच सुटते, काय करू? "शब्द उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांचा, काका. त्यांची भाषा जुनी नॉर्स. त्याआधी इंग्रज खिडकीला 'डोळ्याचं भोक' म्हणायचे…"

"ताई," गुरुजी म्हणाले, "अजून किती आहे?"

"थोडंच! डॅनिशमध्ये…"

"दादा!" आत्या ओरडली. "शपथ घेते, हिला पुन्हा बोलू देणार नाही!"

कावळा झेपावला. पिंडाला चोच!

मग काकू हसली. काका गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता रडायला लागली, मग आम्ही सगळेच.

आता घरात मी तोंड उघडलं की आत्या खिडकीकडे बोट दाखवते, "दादाला शब्द दिलाय हां." मी गप्प बसते. खिडकीतून वारा येतो, डोळे भरतात, आणि डॅनिशचं तेवढं राहूनच जातं.

माझ्या दहाव्याला कावळा शिवायचा नाही, बघा!