सवयीचे बूट

माझी धाकटी बहीण एकोणीस वर्षं लोकांना वर पोचवत होती. हे वाक्य तिचंच. कचेऱ्यांच्या अकरा मजली इमारतीत ती लिफ्ट चालवायची. घाईत शिरलेल्या कुणी "वर जाणार का?" असं विचारलं की म्हणायची, "मी एवढ्यात नाही, मुलीचं कॉलेज व्हायचंय. तुमचा मजला सांगा." रोज तोच विनोद आणि रोज तीच माणसं हसायची. मला कधी हसू आलं नाही. माझ्या नाकावर राग असतो असं ती म्हणायची, आणि ते खरंच आहे.

सगळे तिला लिफ्टबाई म्हणत. भाची दीड वर्षाची असताना तिचे वडील वारले, तेव्हापासून आम्ही तिघी तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होतो. पँट आखूड करणं, बॅगेची चेन बदलणं असली कामं मी दाराशी मशीन मांडून करते. बहिणीला अभिमान एकाच गोष्टीचा, तिची लिफ्ट कधी बंद पडली नाही. शेजारच्या इमारतीतली आठवड्यातून दोनदा अडकायची, हिची नाही. दाराच्या खाचेत खडा दिसला की केसातली पिन काढून उकरायची, आवाज जरा वेगळा आला की मेकॅनिकला फोन करायची. "ताई, मशीनला बोलता येत नाही, कुरकुरता येतं. ते वेळेवर ऐकायचं," असं मला शिकवायची. स्वतःच्या छातीची कुरकुर मात्र तिने दोन वर्षं कानाआड केली.

शेवटी मीच तिला ओढत डॉक्टरकडे नेलं. हृदयाची झडप नीट मिटत नव्हती. गोळ्या चुकवू नका आणि जिने बंद, असं डॉक्टर म्हणाले. ही म्हणते कशी, "मी लिफ्ट चालवते हो. मला जिना कशाला लागतोय?" डॉक्टरही हसले. पोरीला यातलं अवाक्षर सांगायचं नाही असं बाहेर आल्यावर तिने मला बजावलं. मी सांगितलं नाही.

त्याच वर्षी भाचीला परगावच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. कॉलेज सुरू व्हायच्या आधी तीन दिवसांचं शिबिर होतं. ज्यांच्या घरातलं कुणीच कधी कॉलेजात गेलेलं नाही, अशा मुलांसाठी. ग्रंथालय कसं वापरायचं, शिकवणाऱ्यांना प्रश्न कसा विचारायचा, हे तिथे समजावणार होते. सोबत काय आणायचं त्याचा कागद आला, तो बहिणीने माझ्या मशीनसमोरच्या भिंतीवर चिकटवला. बॅटरी, पाण्याची बाटली, चादर, दोन फोटो. पाचव्या ओळीत लिहिलं होतं, 'पायाच्या सवयीचे बूट. नवे नकोत. रोज बरंच चालावं लागेल.' आणि सगळ्यात खाली, पहिल्या दिवशी प्रत्येकाने घरातल्या एका माणसाबद्दल बोलायचं आहे.

"सवयीचे बूट आणायचे कुठून? हिला सवय चपलांची," मी म्हटलं.

शिबिराला दोन आठवडे असताना आम्ही तिघी जाऊन बूट आणले. करडे, नाडीचे. दुकानदार म्हणाला, "पुढून जरा कडक आहेत. रोज जिना चढा-उतरा, आठवड्यात नरम पडतील." आमच्याकडे जिना नाही. भाची ते घालून गल्लीत फेऱ्या मारू लागली. दुसऱ्याच दिवशी टाचेला कोटाच्या बटणाएवढा फोड आला, फुटला आणि पिकला. दवाखान्यात पट्टी बांधून दिली आणि दहा दिवस पाय बुटात घालू नको म्हणून सांगितलं.

पोर रडायलाच लागली. "मी जातच नाही. सगळे बुटात येणार आणि मी लंगडत चपलांत. तिथे ओळखीचं कुत्रंही नाही."

"दे इकडे," बहीण म्हणाली. "तुझा नि माझा पाय एकाच मापाचा. दहा दिवस मी घालते. चावून चावून किती चावतील?"

मी म्हटलं, "स्टुलावर बसून बूट नरम होतात होय?"

हे वाक्य माझं आहे. किती वेळा गिळायचा प्रयत्न केला, गिळलं जात नाही.

रोज संध्याकाळी ती आली की बूट काढून हातात वाकवून दाखवायची. "बघ, ऐकायला लागला." तिला दम लागलेला असायचा. विचारलं तर म्हणायची, गर्दी होती. मी जुन्या बॅगेला नवी चेन बसवत होते, भाची वहीवर नाव घालत होती.

"आई, तिथे तुझ्याबद्दल काय सांगू?" तिने एकदा विचारलं.

"सांग, माझ्या आईची लिफ्ट कधी बंद पडली नाही."

"बस, एवढंच?"

"एवढं कुणाला जमतं?"

नवव्या दिवशी दुपारी इमारतीच्या वॉचमनचा फोन आला. ती सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मधल्या पायऱ्यांवर सापडली होती. मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. वॉचमन रडत सांगत होता. जेवणाच्या सुट्टीत ती त्याला स्टुलावर बसवायची आणि जिना चढायला जायची. आधी दोन मजले, मग तीन, मग चार. म्हणायची, पोरीचे बूट नरम करतेय. मी त्याचे हात धरले आणि हे पोरीला सांगू नका म्हटलं. हॉस्पिटलमधून तिच्या वस्तू पिशवीत घालून दिल्या. पाकीट, केसातली पिन, बूट. बूट अगदी मऊ झाले होते.

शिबिर पाच दिवसांवर होतं. भाची जाणार नाही म्हणाली. मी चार दिवस समजूत घातली, रागावलेही. आदल्या दिवशी ती बॅगेसमोर बसली आणि तिने विचारलं, "मावशी, आई जिन्यात कशाला गेली होती?"

मी शिवण उसवत होते. वर पाहिलं नाही.

"लिफ्ट बंद पडली होती."

"आईची?"

"शेवटी यंत्रच ते."

तिने बॅगेची चेन ओढून लावली. बहिणीच्या आयुष्यात मिरवण्यासारखी एकच गोष्ट होती आणि ती मी मोडून टाकली. मला माझीच लाज वाटली. पण खरं सांगितलं असतं, तर पोरीने त्या बुटांत पुन्हा पाय घातला नसता, आणि कॉलेजातही नाही.

चौथ्या दिवशी सकाळी ती परत आली. उंबऱ्यावर बसून नाड्या सोडू लागली.

"चावले का गं?"

"छे. एकदासुद्धा नाही. बाकीच्या मुली लंगडत होत्या. तो कागद कुणी नीट वाचलाच नव्हता."

"आणि आईबद्दल काय बोललीस?"

"आईने सांगितलं होतं तेच बोलणार होते. मग म्हटलं, खोटं कशाला? आईची लिफ्ट एकोणीस वर्षांत एकदाच बंद पडली, ती त्या दिवशी, असं सांगितलं."

"बरं केलंस," मी म्हटलं आणि तिचे बूट पुसायला घेतले.