दोघांनी उचलायची काच

काचवाल्यांची चाल पाहून नवा माणूस हमखास विचारायचा, "गुडघे दुखतात का हो?" गुडघे चांगले ठणठणीत होते. दारातून जाताना मान वाकवावी लागेल असा आडदांड माणूस, आणि चालायचे मात्र तुरुतुरु, एवढीएवढीशी पावलं टाकत. कारण होतं त्यांची बायको.

मोठी काच एकट्याला उचलता येत नाही. ती उभी धरायची, एकाने पुढे, एकाने मागे, आणि दोघांची पावलं सारखी पडायला हवीत. एकाने ढांग टाकली की काच मधोमध लचकते, आणि मग देवाचं नाव घ्यायलासुद्धा सवड मिळत नाही. लग्नानंतर थोड्याच दिवसांत कामावरचा माणूस न सांगता निघून गेला, तेव्हा बायको बाह्या सरसावून पुढे झाली. ती यांच्या खांद्यालाही लागत नव्हती. तिला पाऊल लांब टाकता येईना, म्हणून यांनी आपलं आखूड केलं. पुढे ती, मागे हे. "अहो, पायरी." "अहो, खड्डा आहे, सांभाळा." संसार झाला तो असा. रिकाम्या हाताने बाजारात गेले तरी दोघं त्याच चालीने जायचे. लोक हसायचे. हसेनात का!

मग एकदा साधा ताप म्हणून ती आडवी झाली, ती उठलीच नाही.

काचवाले रडले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात दुकान उघडलं, पण मोठ्या काचेला हात लावेनात. फोटोच्या चौकटी, आरसे, कपाटाची फुटकी तावदानं, बस्स. दोन चांगले गडी मदतीला येऊन गेले. काच उचलली की यांचं पाऊल काही जुळायचं नाही. आरशांवर दुकान थोडंच चालतं? शेवटी त्यांनी शेजारच्या चांभाराला सांगून टाकलं, "दुकानाला एखादं गिऱ्हाईक बघ बाबा."

ही बातमी मुलीपर्यंत पोचली, आणि तिचा फोन आला. ती दूरच्या शहरात होती, नुकतंच घर बांधलं होतं.

"बाबा, पुढच्या खोलीच्या खिडकीला काच बसवायची आहे. तुम्ही या."

"तुमच्याकडचे काचवाले काय संपावर गेलेत?"

"त्यांच्याकडून नाही बसवायची मला. प्लॅस्टिक ताणून ठेवलंय. तुम्ही येईपर्यंत तसंच राहील."

हट्टी पोरगी! काचवाले चडफडले, पण निघाले. दिवसभराचा बसचा प्रवास. एवढ्या लांब ते कधी गेले नव्हते. बायको मात्र सारखी म्हणायची, लेकीचं घर बघायला जाऊ या. आणि हे म्हणायचे, हातातलं काम उरकलं की जाऊ. काम कधी उरकतं का? बाहेर अनोळखी शेतं, पूल, टेकड्या मागे पडत होत्या आणि त्यांना स्वतःचा मनस्वी राग येत होता. एका थांब्यावर एक बाई चढली. शेजारच्या जागेकडे बोट दाखवून म्हणाली, "कोणी आहे का इथे?"

"आहे," काचवाले म्हणाले. मग सरकून बसले. "नाही. बसा तुम्ही."

दुसऱ्या दिवशी काच आली. गल्ली अरुंद, गाडी आत जाईना. तोंडाशीच काच उतरवून, भिंतीशी घोंगड्या टाकून त्यावर टेकवली. तिथून घरापर्यंत चालतच न्यायची होती. जावई हौसेने पुढे झाला. भला माणूस, पण उंटासारखा उंच आणि अंगात घाई. चार ढांगा टाकल्या आणि काच लचकली.

"थांबा! घोड्यावर बसून आलाय का?" काचवाले ओरडले. काच कशीबशी पुन्हा घोंगड्यांवर टेकवली. जावयाचा चेहरा पडला. काचवाल्यांना लगेच वाईट वाटलं.

"तुमची चूक नाही हो," ते म्हणाले आणि तिथेच एका पायरीवर बसले. मुलीकडे न बघता म्हणाले, "दुकान विकतोय मी. माझ्याच्याने नाही होत आता. पाय ऐकत नाहीत."

"उठा," मुलगी म्हणाली. "मी धरते."

"तुला काय येतंय?"

"तुम्हा दोघांच्या मागून चालतच मोठी झाले की."

ती पुढे जाऊन उभी राहिली. आईचं तिने काही म्हणजे काही उचललं नव्हतं. तेच रुंद खांदे, तेच लांबलचक पाय, थेट बापच. काच उचलली. दोन पावलांतच ती म्हणाली, "बाबा, मला एवढं छोटं नाही जमत."

"मला मोठं नाही जमत."

"जमतं. स्वतःची उंची बघा जरा."

काचवाल्यांनी दम घेतला आणि पाऊल टाकलं. मोठं. मांडीतून कळ गेली. मग दुसरं टाकलं. काच लचकली नाही.

"बाबा, पायरी."

"हं."

खिडकीत काच बसली, कडेच्या पट्ट्या ठोकून झाल्या. जावयाने प्लॅस्टिकची गुंडाळी केली. खोली उजेडाने भरली. काचवाल्यांनी काचेवर बोटाने टकटक केलं आणि बऱ्याच महिन्यांनी स्वतःच्या कामावर खूश झाले.

मग घोंगड्या आणायला ते परत गल्लीच्या तोंडाशी गेले, मुलगी बरोबर होती. घोंगड्या खांद्यावर टाकून निघाले, तेव्हा लांब पावलं टाकत ते तिच्याही पुढे जात होते.

"त्या चांभाराला फोन करायला हवा," ते म्हणाले. "गिऱ्हाईक बघू नको म्हणावं. तुझ्या घराचं काम करणाऱ्या सुतारांकडे एखादा उंच पोरगा मिळतो का बघ, माझ्याबरोबर दुकानात येईल असा. मी शिकवीन त्याला."

आणि भर गल्लीत ते एकदम थबकले.

"काय झालं? पाय दुखतोय?"

"नाही गं. पाय मोकळे झालेत." ते म्हणाले. "मी असा चालायला लागलो तर तुझ्या आईला कसं झेपेल? धाप लागेल तिला."

आणि तो आडदांड माणूस घोंगडीत तोंड खुपसून हमसाहमशी रडायला लागला. लोक बघत होते. आई आता नाही, असं मुलगी म्हणाली नाही. तिने त्यांच्या खांद्यावरची दुसरी घोंगडी आपल्याकडे घेतली.

"थांबू या मग थोडं," ती म्हणाली.