मिस्त्रींचा गुडघा आणि थरथरती पाटी

चादरीची दोन टोकं दोरीवर गेली होती, दोन अजून बादलीत होती, तेवढ्यात आतून मिस्त्रींची हाक आली.

"अगं, जरा येतेस का?"

मिस्त्री असे मऊ बोलले की काहीतरी बिनसलेलं असतं, हे बायकोला तीस वर्षांत पाठ झालं होतं. चादर तशीच सोडून ती आत धावली. मिस्त्री पलंगाच्या कडेवर बसलेले, आणि उजवा गुडघा डाव्याच्या दीडपट झालेला.

या माणसाचा जन्म स्लॅब भरण्यात गेला. ओल्या काँक्रीटमध्ये ते घट्ट बसवणारा थरथरता व्हायब्रेटर कुठे घालायचा आणि कधी काढायचा, ते त्यांच्या हाताला कळायचं. मुकादम म्हणायचा, "मिस्त्रींच्या स्लॅबमधून पाणी तर सोडाच, गुपितसुद्धा गळायचं नाही!" पण चार महिन्यांपूर्वी शिडीवरून पाय सुटला, गुडघ्यातला लिगामेंट फाटला, ऑपरेशन झालं. पुढे फिजिओबाईंनी त्यांना थरथरत्या पाटीवर उभं केलं. विजेवर चालणारी, वजनकाट्यापेक्षा मोठी, धरायला दांडा असलेली पाटी.

"घ्या, आता मलाच व्हायब्रेटर!" मिस्त्री हसले होते.

बाई मात्र हसल्या नाहीत. "गुडघे किंचित वाकवून एक मिनिट. मग एक मिनिट आराम. असं पाच वेळा, तेही दिवसाआड. शेवटी पोटरी ताणायची आणि उतरायचं."

मेहुण्याने कुठूनशी जुनी पाटी घरीच आणून दिली. बायको घड्याळ घेऊन शेजारी उभी राहायची. काठी सुटली, जिनाही जमायला लागला. मुकादमाने निरोप धाडला, सोमवारी तीन मजले चढून दाखवा, जागा तुमची. नाहीतर मला दुसरा बघावा लागेल.

आज शनिवार. सकाळी ती जपाला बसली तेव्हा आत पाटी घरघरायला लागली. पहिली माळ संपली, दुसरी संपली, घरघर चालूच. ऊठ, असं मन दोनदा म्हणालं. पण धरलेला जप तिने कधी अर्ध्यावर टाकला नव्हता. देव बघतोय ना, म्हणून तिने पुढचा मणी ओढला. जप आटोपून उठली तेव्हा पाटी बंद झाली होती, म्हणून तिनेही विचारलं नाही. धुणं घेऊन सरळ मागच्या दारी गेली.

"किती वेळ उभे होतात?" तिने आता विचारलं.

"असेन वीसेक मिनिटं."

"सलग?"

"म्हटलं, सोमवारपर्यंत गुडघा पक्का बसेल."

"अहो, स्लॅबला तरी व्हायब्रेटर एवढा वेळ लावता का?"

मिस्त्रींनी मान खाली घातली. "नाही. जास्त झालं की खडी तळाला जाते आणि पाणी वर येतं."

"मग?"

"ते काँक्रीटचं गं. हा आपला पाय."

हसावं की रडावं तिला कळेना. तिने फिजिओबाईंना फोन लावला. बर्फ लावा, पाय उशीवर ठेवा, पाटीला हात लावू नका, मंगळवारी घेऊन या. आणि जिना तीन आठवडे विसरा. तीन आठवडे हे शब्द मिस्त्रींना फोनबाहेरही ऐकू आले.

तिने फडक्यात बर्फ बांधून गुडघ्यावर धरला. पाणी घोट्यापर्यंत ओघळत होतं, सूज काही हलत नव्हती. तिने डोळे मिटून देवाचं नाव घेतलं, पण मागायचं काय तेच सुचेना.

"मुकादमाला सांग, ताप आलाय म्हणून," मिस्त्री भिंतीकडे बघत म्हणाले. "तापाला दोन दिवस तरी थांबतो तो."

"माझ्या तोंडून खोटं निघायचं नाही."

"माहितेय गं."

"खरं सांगितलं तर दुसरा माणूस घेईल."

"घेईलच. त्याचा तरी स्लॅब कुठे थांबणार?"

तिने त्यांच्या पायाखाली दोन उशा सारल्या, हात पुसले आणि चपला घातल्या. मुकादमाच्या घरी जायचं होतं, मिस्त्री सोमवारी येत नाहीत, गुडघा सुजलाय, हे सांगायला.